स्टेपनीची जागा

लढाईतली ती जुनी जीप मिस्त्रीने सहा महिने खपून नव्यासारखी केली, पण स्टेपनीपाशी घोडं अडलं. कंपनीच्या माहितीपुस्तकात स्टेपनी मागे, बाहेरच्या ब्रॅकेटवर होती. या जीपचं ब्रॅकेटच तुटलेलं. शेवटी त्याने लढाईत ही जीप चालवणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरलाच गॅरेजमध्ये बोलावलं.

"काका, चुकीच्या जागी लावली तर जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक नाक मुरडतील. खरी जागा तेवढी दाखवा."

काकांनी काठी मागच्या सीटवर टेकवली. "इथे. ब्रॅकेट सुरुंगात उडालं, तेव्हापासून इथेच ठेवायचो."

"म्हणजे एक माणूस कमी बसायचा."

"हो. शेवटच्या दिवशी माघार घेताना जागा एकाचीच उरली होती. पायात गोळी लागलेला आमचा एक जण तरी, नाहीतर ही स्टेपनी. रस्ताभर काचा आणि खिळे पसरलेले. वाटेत पंक्चर झालं असतं तर सगळेच गेलो असतो. त्याला म्हटलं, थांब, आणायला येतो."

काकांनी काठी सीटवरून उचलून घेतली.

मिस्त्री उगाचच स्टेपनी पुसायला लागला. जीपसोबत आलेली तीच ती. पुसता पुसता बोटांना रबराचे बारीक केस लागले, कोऱ्या टायरला असतात तसे. एकदा रस्त्यावर धावलं की झिजून जाणारे ते केस सगळेच्या सगळे शाबूत होते. त्याने चटकन त्यावर फडकं टाकलं.

"राहू दे," काका म्हणाले. "मी ते केस त्याच दिवशी पाहिलेत."