काचेला आडोसा

"जाड दाखवा अण्णा. ह्याच्यातून तर पलीकडचा माणूस दिसायलाय," म्हणत चांगुणाबाईनं चौथं कापड बाजूला सारलं.

हुमनाबादच्या बाजारातले बसवंतप्पा कापडवाले तसे सोशिक. पण त्यांनाही राहवलं नाही. "पोराचं लगीन काढलाव व्हय, अक्का?"

चांगुणाबाई कापडाचा काठ चाचपत बसली. उत्तर दिलं तिच्या लेकानं, नरसिंगानं. "व्हय अण्णा, रविवारी लगीन है घरात. मायच्या पसंतीचंच दाखवा. मला त्यातलं काय कळत न्हाई."

नरसिंग दुबलगुंडीच्या शाळेत मास्तर. गुलबर्ग्यात एक जुना बंगला पाडत होते. तिथलं काचेचं सरकतं दार त्यानं ट्रकमध्ये घालून आणलं आणि मागच्या ओसरीला बसवलं. झाली खोली, नव्या जोडप्याला हक्काची! पण दार काचेचं, आणि समोरच अख्ख्या गल्लीचा हातपंप. घागरी भरता भरता बायका आत डोकावणार नाहीत तर काय करतील?

"काच कामून आणलास रे बाबा? साध्या फळ्या मारल्या असत्यास तर?" परतीच्या वाटेवर चांगुणाबाई पुन्हा कुरकुरली.

"उजेड येतो माय. अंधारात काय नवा संसार मांडायचा?"

"आन् लोक?"

"लोकांसाठी पडदा है की."

ती या घरात नवरी होऊन आली तेव्हा एका खोलीत नऊ माणसं झोपायची. आडोसा म्हणजे दोरीवर टाकलेलं जुनं लुगडं. सासूला थंडी वाजली की तेही खाली उतरायचं. नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर विहिरीवर जावं लागे. आणि चार वर्षांत तो माणूसच गेला. दोघांना आपलं म्हणून बोलायला एक कोपरा मिळाला नाही, याचं तिला अजून वाईट वाटे. म्हणून तर पडद्याचा एवढा घोर. रविवारच्या आत तो लागला पाहिजे आणि त्यातून तसूभरही दिसता कामा नये.

जूनमध्ये नरसिंगाची रायचूरला बदली होती. "पुढल्या साली बघू की," असं तिनं दोनदा म्हणून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. बदलीच्या आधी हे लग्न व्हायलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट.

कापड शेवटी हिरवं ठरलं. शनिवारी दुपारी गल्लीतला पिराजी टेलर पडदा शिवून घेऊन आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस; दुकानातच शिवायचा, दुकानातच राहायचा. दार कुठूनही सरकवता यावं म्हणून त्यानं पडदा दोन भागांत शिवला होता.

"अस्तर लावलंय," तो खाली बघत म्हणाला. "आत दिवा लावला तरी बाहेर सावली दिसणार न्हाई."

"खाली लोळायलाय की," चांगुणाबाई म्हणाली.

"दोन बोटं वर घेतो. न्हाईतर दाराच्या खाचेत अडकंल."

तो तिथंच बसून हातानं टाके घालू लागला.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. "पण नीट करा."

"नीटच करायलोय."

पडदा दांडीवर चढवायची वेळ आली आणि शेजारची भागाबाई कमरेवर घागर घेऊन डोकावलीच. वर शिडीवर पिराजी, खाली शिडी धरून नरसिंग.

"अगं बाई! नवरदेवालाच कामाला लावलीस व्हय? उद्या हात मोडला तर हार कसा घालंल?"

नरसिंग हसत सुटला. पिराजीच्या हातून पडद्याची कडी निसटली, ती चांगुणाबाईनं उचलून दिली आणि भागाबाईच्या तोंडावरच पडदा ओढला.

खोलीभर हिरवट सावली पसरली. बाहेरून भागाबाई ओरडली, "आता गं? काहीच दिसंना की!"

चांगुणाबाईला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. "लागला एकदाचा," ती म्हणाली. "आता भ्या न्हाई."

रविवारी दहा वाजता विहारात हार घालायची वेळ झाली. नरसिंगानं आईला हाताला धरून पुढं आणलं, तिचा हात पिराजी टेलरच्या हातात दिला आणि म्हणाला, "सांभाळा माझ्या मायला."