वहिनींचा सायरन

पातं फिरायला लागलं आणि चेतनाने ओढणीचं टोक दातांत धरलं. आज ओरडायचं नाही. काय वाट्टेल ते होवो.

सम्यक तिच्याकडे पाठ करून मशीनसमोर उभा होता. ती गाळ्याच्या दाराशी, नेहमीच्या जागी. वर्षभराच्या लेकीला, अबोलीला, घरी सासूबाईंपाशी सोडून ती रोज त्याच्यामागे मरोळला यायची. "नवऱ्याची राखण करायला निघाली," असं सासूबाई नणंदेला फोनवर सांगताना तिने ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

दिवाळीच्या आधी लाकूड कोनात कापायच्या याच मशीनने, मायटर सॉने, सम्यकच्या डाव्या हाताची दोन बोटं फाडली होती. तुकडा आखूड होता. तो शिकंज्यात आवळायचा त्याने कंटाळा केला आणि हातानेच दाबून धरला. त्यात पात्यावरचं गार्ड तारेने वर बांधून ठेवलेलं, कारण खूण नीट दिसत नाही म्हणे. पात्याने तुकडा उडवला आणि हात आत ओढला. बोटं राहिली, हेच नशीब. टाके निघाले, मूठ वळायला लागली, डॉक्टरांनी कामाला जा म्हटलं. तो गाळ्यावर परतला त्याच दिवशी चेतनाही आली. गार्डची ती तार तिने स्वतः कापून फेकली. मशीनसोबत आलेलं माहितीपुस्तक, आजवर कुणी न उघडलेलं, तिने कॉलेजात असताना वाचायची तसं पेन घेऊन वाचलं.

पण तिचं खरं काम ओरडण्याचं. पातं फिरायला लागलं की ते लाकडाला टेकायच्या आतच तिच्या तोंडून निघायचं, "सम्यक, हात!"

हात लांबच असायचा. तो स्विच सोडायचा आणि गर्रकन वळायचा.

"मशीन चालू असताना ओरडू नकोस ना यार! दचकलो तर वाचलेली बोटं जातील."

"मग तू हात लांब ठेव ना."

"लांबच आहे! ये, टेप लावून मोज!"

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातला काशीराम डोकावायचा. तो पॉलिशचं काम करायचा, पण सुतारकामातही त्याचा हात बसलेला. "झाला का वहिनींचा सायरन? चला, चहाची वेळ झाली." चहा व्हायचा. मग सम्यक म्हणायचा, मूडच गेला बघ. कापायचं जे काही असेल ते काशीराम उरकून द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

परवा काशीराम गावी गेला, भावाच्या लग्नाला. बोरीवलीच्या फ्लॅटमधलं काम अडलं. छताच्या कडेने नक्षीच्या पट्ट्या लावायच्या होत्या. आज सकाळी त्या घराची मालकीण फोनवर तोडूनच बोलली. उद्या पट्ट्या लागल्या नाहीत, तर ती दुसरा माणूस बघणार होती.

सम्यकने फोन खिशात टाकला. "ऐकलंस? तुझ्या ओरडण्यापायी एक दिवस गाळा विकावा लागेल मला."

तिला ते लागलं, कारण पटलं. रिक्षात ती घरापासून मरोळपर्यंत एक शब्द बोलली नाही. बोलायची सवयच मोडायला हवी, असं काहीतरी ती स्वतःला बजावत होती.

आणि आज ओरडण्यासारखं काही नव्हतंच. ती शोधत होती, तरी सापडत नव्हतं. खरी पट्टी बाजूला होती; कोन बरोबर लागलाय का ते बघायला त्याने आधी एक टाकाऊ तुकडा घेतला होता. टेबल वळवलेलं, पातं झुकवलेलं, दोन्ही कोन त्याने दोनदा पाहिलेले. तुकडा मागच्या टेक्याला चिकटून बसलेला, शिकंजा आवळलेला. डोळ्यांवर चष्मा. गार्ड मोकळं. डावा हात पात्यापासून इतका लांब की दुसऱ्या कुणाचा वाटावा. पुस्तकात लिहिलेलं तसंच पात्यासकट मशीनचं डोकं रुळांवरून स्वतःकडे ओढून घेऊन मग त्याने स्विच दाबला होता.

पातं पूर्ण वेगात आलं. आता फक्त खाली आणायचं आणि मागे ढकलत न्यायचं.

चेतनाने ओढणी आणखी घट्ट चावली. जिभेवर कापडाची चव आली. लाकडात शिरलं की पात्याचा आवाज जाड होतो. त्या आवाजाची ती वाट पाहत राहिली.

आवाज बारीकच राहिला.

खूण बघत असेल, तिला वाटलं. मग तिला त्याची पाठ दिसली. थंडीचे दिवस, डोक्यावर पंखा, तरी शर्ट मणक्याला चिकटलेला. मुठीवरच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. पातं लाकडाच्या वीतभर वर नुसतं फिरत होतं, आणि सम्यकचं डोकं किंचित तिच्या बाजूला, दाराकडे कललेलं होतं, जिन्यावर कुणाची चाहूल घ्यावी तसं.

तिने हाक गिळली. तिने स्वतःला वचन दिलं होतं.

त्याने स्विच सोडला. पातं आपल्या आपण फिरत हळू झालं, थांबलं. तुकडा जसाच्या तसा होता, वर साधा ओरखडाही नाही. भुशाचा कण नाही. गाळा इतका शांत झाला की खालच्या चहावाल्याच्या स्टोव्हचा फरफर आवाज वर येऊ लागला.

सम्यक वळला नाही. मशीनच्या मुठीवरचा हातही त्याने काढला नाही.

"चेतना," तो म्हणाला, "आज ओरडली का नाहीस गं तू?"