दुकानापर्यंतचं अंतर

उज्वलाला आयर्लंडमधल्या दोन छोट्या गावांतून नर्सची नोकरी आली होती. तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून जिथं किराणा पायी आणता येईल तेच गाव घ्यायचं ठरलं. ती मोबाइलवर अंतर बघायची आणि अण्णा, म्हणजे तिचे वडील, पाच किलो पिठाची पिशवी हातात धरून तेवढंच अंतर घराजवळच्या द्वारका चौकाच्या रस्त्याला चालून यायचे.

पहिल्या गावात दुकान दोन किलोमीटरवर होतं. अण्णा धापा टाकत परत आले. "नाही जमायचं, पोरी."

दुसऱ्या गावात ते फक्त चारशे मीटरवर होतं. तरी अण्णा दारातच मटकन बसले. "लय लांब आहे. गुडघाच धरला बघ."

उज्वला घाबरून स्वयंपाकघरात गेली. "आई, अण्णांना एवढंसुद्धा चालवत नाही गं. अशात मी कशी जाऊ? नाही म्हणून कळवते."

आई पोळी लाटत राहिली. "सोमवारी तू ड्युटीवर होतीस ना, तेव्हा त्र्यंबकला गेले होते. ब्रह्मगिरीची फेरी केली. वीस किलोमीटर, अनवाणी. कुठं टेकलेसुद्धा नाहीत."