उंबरठ्यावरचा उपास

कायद्याची प्राध्यापक आसावरी जयपूरला आल्यापासून मध्ययुगीन आयरिश न्यायपंडितांच्या ग्रंथांत बुडाली होती. तिच्या नवऱ्याला, शुभंकरला, खुपत होता तो भाषांतरातला तिचा जोडीदार अभिजित. त्या कायद्यातली एक रीत तिनंच कौतुकानं सांगितली होती. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं अन्याय करणाऱ्याच्या दारात उपाशी बसायचं. तो उपाशी असताना आतला जेवला की आतल्याची अब्रू गेली. म्हणून रविवारी शुभंकर न जेवता तिच्या खोलीच्या उंबरठ्यावर बसला. आत ती पाठमोरी बसून अभिजितशी फोनवर हसत होती, आणि नवऱ्यानंच आणलेली कांद्याची कचोरी खात होती. दुपार कलली, पोटात कावळे ओरडले, तरी तो हलला नाही. अखेर तिचा आवाज मऊ झाला. "जेवलास का रे?" 'नाही' त्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. लग्नापासून आजतागायत तिनं त्याला 'अहो'च म्हटलं होतं.