बेघर हेडलीची तक्रार

"आधीच सांगून ठेवतो, यावर तुझा विश्वास बसायचा नाही," म्हातारा हेडली म्हणाला. "पण मला बेघर मानायला ही कौन्सिल तयारच नाही. कारण काय, तर मी या खुर्चीत राहतो."

लिंडसी गार्साइड दोन बॅगा उचलून कौन्सिलच्या कचेरीच्या दाराशी पोचली होती. ती थांबली. थांबणं भागच होतं, कारण हेडलीची खुर्ची दाराला चिकटून आणि त्याचे लांबलचक पाय वाटेत आडवे. ओलांडून जावं तर म्हाताऱ्याचा अपमान, आणि पाय घ्या म्हणावं तर त्याचं बोलणं आधी संपायला हवं.

ती निघाली होती वैतागून. घरमालकाने घर विकायला काढलं तेव्हाच ती कौन्सिलमध्ये आली होती. तेव्हा तिला सांगितलं, डोक्यावर छप्पर आहे ना, मग कोर्टाची माणसं दारात येईपर्यंत हलू नका. आधी निघालात तर स्वतःहून बेघर झालात असं धरू, मग तुम्हाला घर द्यायची आमची जबाबदारी नाही. आज सकाळी कोर्टाची माणसं आली आणि कुलूप बदलून गेली. ती सरळ इथे आली, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, थोडं आधी यायचं होतंत, आता बसा. तेव्हापासून बसली होती. जुळ्या मुली शाळेत होत्या, आणि शाळा सुटल्यावर त्यांना घेऊन जायचं कुठे, हे तिला ठाऊक नव्हतं. तक्रारीची खिडकी वेगळी, पण ती फक्त बुधवारी उघडते, आणि आज होता गुरुवार. चुलीत गेला अर्ज, असं म्हणून ती उठली होती.

आता आमच्या कौन्सिलची रीत अशी, की नाव एकदाच पुकारायचं. जागेवर कुणी नसलं, की अर्जदाराने अर्ज राजीखुशीने मागे घेतला असं समजून फाइल मिटवायची. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं. लिंडसीला हे माहीत होतं. पण वैतागलेल्या माणसाला माहीत असून काय उपयोग.

"खुर्चीत कसे राहता?" तिने विचारलं. झालं, अडकली.

हेडलीने सुरुवात छपरापासून केली. एका वादळात म्हणे त्याच्या घराचं छप्पर अर्धं उडालं आणि तो जीव घेऊन बाहेर पळाला. कौन्सिल म्हणाली, अर्धं शिल्लक असताना बाहेर पडलात, म्हणजे हौसेने बेघर झालात. त्याने तक्रार केली. चौकशीला एक साहेब आला, उरलेल्या अर्ध्याखाली जाऊन उभा राहिला, आणि तेही खाली आलं. साहेबाने ढिगाऱ्यातूनच शेरा दिला, की छताची उंची जरा कमी आहे, बाकी घर राहण्याजोगं.

मग हेडली बागेतल्या बाकावर झोपू लागला. उघड्यावर झोपणाऱ्याला कौन्सिलच्या माणसाने झोपलेला बघावं लागतं, तरच तो खरा. माणूस आला, त्याच्या बुटांच्या आवाजाने हेडली दचकून उठला. शेरा पडला: इसम झोपलेला नाही. पुढच्या खेपेला हेडली घोरत पडला. माणसाने वाकून विचारलं, तुम्ही बेघर आहात का? घोरण्यापलीकडे उत्तर मिळालं नाही. शेरा पडला: इसमाची काही तक्रार नाही.

लिंडसीने बॅगा खाली ठेवल्या.

तक्रार नाही या शेऱ्याविरुद्ध तक्रार करायला हेडली रोज इथे येऊ लागला. उघडायच्या वेळी यायचं, बंद करताना जायचं. शेवटी तक्रार विभागाच्या लक्षात आलं, की हा गृहस्थ रोज घरात असतो. हीटर आहे, वर छत आहे, बूड टेकायला जागा आहे, याला बेघर म्हणायचं कुठल्या तोंडाने? खुर्चीला घरपट्टी लागू झाली. त्यावर त्याने आणखी वर तक्रार नेली. तिथून एक बाई फीत घेऊन आल्या, त्यांनी खुर्ची मोजली आणि निकाल दिला, की एकट्या माणसाला पुरेशी आहे, मात्र पाहुणे ठेवता येणार नाहीत.

हसताहसता लिंडसी केव्हा त्याच्या शेजारी बसली, हे तिलाही कळलं नाही.

"मग द्यायची सोडून ही खुर्ची," ती म्हणाली.

"सोडली तर म्हणतील हौसेने सोडली. त्यांना तेच हवंय, पोरी. म्हणून मी उठत नाही. आणि तूही उठू नकोस."

तेवढ्यात खिडकीतून हाक आली. एकदाच. गार्साइड जागेवर होती.

ती परत आली तेव्हा चेहरा सैलावला होता. कायमचं घर काही मिळालं नव्हतं, ते असं एका दुपारी मिळत नाही. पण स्टेशनजवळच्या लॉजवर तिघींसाठी एक खोली मिळाली होती, आजपासून. शाळा सुटायला अजून अवकाश होता.

हेडली खुश झाला. खुर्चीखालून त्याने फडक्यात बांधलेला एक डबा काढला आणि तिच्या हातात दिला. आल्याचा केक आहे, म्हणाला, मुलींना दे, सकाळीच केलाय. एका बाजूने जरा करपलाय खरा. काय करणार, आमचा ओव्हन डावीकडून जास्त तापतो.

लिंडसीने डबा घेतला. तो अजून कोमट होता. तिने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा हेडलीकडे, आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आजोबा, तुमच्या या खुर्चीला ओव्हनपण आहे होय?"