पेटीवरची परात

सतीफ शहरातल्या एका गल्लीत जाणारी वीज आणि घराघरांतल्या मीटरवरची वीज यांचा मेळ काही केल्या बसत नव्हता. अख्खी गल्ली चोर आहे, याबद्दल वीजखात्याच्या बूझीदला तिळमात्र शंका नव्हती. फक्त तारेवर टाकलेला आकडा सापडत नव्हता.

ऐन थंडीत त्याला नाक्यावरच्या लोखंडी वीजपेटीवर कापडानं झाकलेली परात दिसली. शेजारी यामिना मावशी राखण करत बसलेली.

"कापड काढा, मावशी."

"वारं लागेल त्याला."

"वायरीला वारं लागतं होय?" त्यानं कापड ओढलं. खाली पावाचं पीठ टम्म फुगलेलं होतं.

"सगळ्या गल्लीचं पीठ इथंच फुगतं," मावशी फणकारली. "ही पेटी बारा महिने गरम असते."

बूझीदनं पेटीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. आतला सांधा सैल होऊन तापत होता. वीज चोरीला जात नव्हती, तिथंच जळत होती. वीज बंद करून त्यानं सांधा आवळला आणि तो निघून गेला.

दोन दिवसांनी मावशी परातीसकट कचेरीत हजर. पीठ दगडासारखं बसलं होतं.

"चोरी झालीय, लिहून घे," ती म्हणाली. "आमची ऊब गेली. आणि पेटीला शेवटचा हात तुझाच लागला होता."