सासूबाईंना हवी असलेली चादर

लग्न शनिवारी आणि इक्राम रॉटरडॅमच्या दवाखान्यात योनीपटल शिवून घ्यायला आलेली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढला. "हा बंद पडदा नसतोच मुळी. कडेला मऊ झालर, मधली वाट मोकळी. कितीतरी जणींना पहिल्या रात्री रक्त येतच नाही. टाके घालूनही येईलच असं नाही."

"पण सासूबाईंनी पहिल्या रात्रीची चादर मागितलीये! उद्या टाके घालाच," इक्राम रडवेली झाली.

सोबत आलेली तिची सोळा वर्षांची बहीण निस्रीन मात्र त्या चित्राकडे टक लावून बघत होती. मग आपल्या घरातल्या सगळ्या बायकांच्या चादरी लाल झाल्या तरी कशा?

संध्याकाळी मेंदीला तिने एकेकीला गाठलंच. "आगाऊ कार्टी!" काकू खेकसली आणि मग कानात पुटपुटली, "बोट कापलं होतं गं मी. बोलू नकोस कुठे, माझ्या एकटीचंच तसं झालेलं." मामीने कोंबडीचं काळीज वापरलं होतं. तिलाही वाटत होतं, असं फक्त आपलंच झालं.

आता निस्रीनला कोण अडवतंय! तिने थेट इक्रामच्या होणाऱ्या सासूला विचारलं, "मावशी, तुमच्या वेळी?"

सासूबाईंनी तिला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. "माझी कोरीच होती. घरभर शोभा झाली माझी," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून तर चादर मी मागून ठेवलीये. कोरी निघाली, तर दुसऱ्या कुणी बघायच्या आत मला रंगवता येईल."